शिकारी रायफल आणि शस्त्रकायदा : एका आंकड्याचा इतिहास

बंदुकीच्या दुकानांत रायफल आंकड्यानें ओळखली जाते. कोणी ‘तीनशे पंधरा’ मागतो, कोणी ‘चारशे सत्तर’ मागतो, आणि जाणत्या माणसास तेवढ्यावरून नळी, काडतूस व मारा हीं तिन्ही समजतात. हा आंकडा म्हणजे नळीच्या आंतील पोकळीचा व्यास. एका इंचाचे एक हजार भाग कल्पिले, तर त्यांतील किती भाग ती पोकळी रुंद आहे हें तो ढोबळपणें सांगतो. याच मापाला ‘बोअर’ असें म्हणतात. कारागिराच्या सोयीसाठीं निघालेलें हें माप हिंदुस्थानांत मात्र कारागिरापुरतें राहिलें नाहीं. त्याच्यावर कायदे झाले, बंद्या आल्या, आणि राज्यकर्त्यांच्या मनांतील भीतीहि त्याच्यावरून मोजतां येऊं लागली. परदेशांतून आणलेल्या शिकारी रायफलींत कोणता फेरफार कायद्यांत बसतो आणि कोणता बसत नाहीं, हा वरवर रूक्ष वाटणारा प्रश्न या आंकड्याच्या पोटीं जन्मास आला. त्याचा उलगडा करावयाचा तर शे-सव्वाशे वर्षें मागें जावें लागतें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. शिकारी रायफल ही बहुधा लष्करी रायफलीची धाकटी बहीण असते. काडतूस नळींत सरकविणारा, तें घट्ट धरून ठेवणारा आणि उडालेलें पुंगळें बाहेर फेकणारा जो यंत्रभाग, तो घडविणें हें अवघड व खर्चाचें काम आहे. तें काम सैन्यासाठीं मोठ्या प्रमाणावर झालेलें असतें. शिकारी रायफल बनविणारा कारागीर तोच यंत्रभाग घेतो, त्याला वेगळी नळी बसवितो, अक्रोडाच्या लांकडाचा सुबक कुंदा जोडतो आणि नेम धरण्याची सोय सुधारतो. लंडनची रिग्बी ही प्रसिद्ध पेढी जर्मनींतील ओबर्नडॉर्फ येथील मौजर कारखान्याचे यंत्रभाग मागवून त्यांवर आपल्या रायफली उभारीत असे. १९०७ सालीं चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांस संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनीं जी २७५ बोअरची रायफल भेट दिली, ती याच जातीची होती. म्हणजे शिकाऱ्याच्या खांद्यावरील शस्त्र आणि शिपायाच्या खांद्यावरील शस्त्र यांचें कूळ एकच. त्यांच्यामध्यें रेघ ओढणें हें कायद्याचें काम, आणि तें काम कधींहि सोपें नव्हतें.

हिंदुस्थानांत ही रेघ ओढण्याची गरज इंग्रज सरकारास १८५७ नंतर भासूं लागली. उठावानंतर निःशस्त्रीकरणाची मोहीम झाली, १८६० सालीं शस्त्रांविषयीं कायदा झाला आणि त्यानंतर लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत १८७८ चा अकरावा कायदा आला. तोच पुढें ‘आर्म्स ॲक्ट’ या नांवानें घरोघर माहीत झाला. देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदाहि त्याच वर्षाचा. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपन यांच्या काळांत १८८२ सालीं रद्द झाला. शस्त्रांचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरहि कांहीं वर्षें टिकला.

त्या कायद्यांतील शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येंत बंदुकांबरोबर संगिनी, तरवारी, खंजीर, भाले, इतकेंच काय, धनुष्यबाणहि घातले होते. शस्त्रांचे सुटे भाग आणि तीं बनविण्याचीं यंत्रें यांचाहि समावेश त्याच व्याख्येंत होता. पांचव्या कलमान्वयें परवान्यावांचून कोणीहि शस्त्र बनवूं नये, त्याचें रूपांतर करूं नये व तें विकूं नये असा निर्बंध होता. ‘रूपांतर’ हा शब्द कायद्यांत १८७८ पासून आहे, तो कांहीं आजकालचा नव्हे. सहावें कलम आयात-निर्यातीचें. त्यांत एक खिडकी मोकळी ठेवली होती : ज्यास शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर अधिकार आहे त्यानें स्वतःच्या खाजगी उपयोगापुरतें, वाजवी प्रमाणांत, तें बाहेरून आणावें, मात्र जकातखात्याच्या अधिकाऱ्यास तें अडवून धरण्याची मुभा राहील.

आतां हा ‘कायदेशीर अधिकार’ कोणास होता? नियमांन्वयें युरोपियनांस व अँग्लो-इंडियनांस बहुतेक बंधनांतून सूट होती. संस्थानिक आणि सरकारमान्य बडे लोक यांनाहि सूट मिळे. बाकीच्या हिंदी माणसास परवान्यासाठीं कलेक्टरच्या कचेरीची पायरी चढावी लागे. रानडुकरें शेत उद्ध्वस्त करीत असतां कुणब्याला ठासणीची जुनी बंदूक मिळविणेंहि दुष्कर होई, आणि विलायतेहून कालपरवां आलेला चहाच्या मळ्यावरील साहेब दोन रायफली घेऊन खुशाल रानांत शिरे. म्हणून शिकारी रायफलीच्या आयातीचा इतिहास पाहतांना ती कोणाच्या हातीं येत होती हें विसरून चालणार नाहीं.

परंतु साहेबाच्या हातांतील रायफलीचीहि सरकारला एका ठिकाणीं धास्ती होती, आणि तें ठिकाण म्हणजे वायव्य सरहद्द. इंग्रजी सैन्यानें १८७१ सालीं मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. तिचें काडतूस रुंद बुडाचें व निमुळत्या मानेचें असून गोळी ४५० बोअरची आणि ४८० ग्रेन वजनाची होती. पुढें १८८८ सालीं ३०३ बोअरची लहान काडतुसाची रायफल आली, तरी मार्टिनी लगेच नाहींशी झाली नाहीं. देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षां एक पिढी जुनें शस्त्र द्यावयाचें हा १८५७ नंतरचा दंडकच होता. चोरून, लुटून व विकत घेऊन या रायफली सरहद्दीवरील टोळ्यांच्या हातीं गेल्या. कोहाटच्या खिंडींत दर्रा आदमखेल येथील कारागीर तर त्यांच्या हुबेहूब नकला करूं लागले. रायफल एकदां हातीं आली कीं ती वर्षानुवर्षें टिकते. तुटवडा पडतो तो काडतुसांचा. तेव्हां पठाणांना दारूगोळा मिळूं न देणें हें सरकारचें मुख्य धोरण झालें.

याच सुमारास, १८९८ सालीं, रिग्बी यांनीं शिकारीसाठीं नवी रायफल बाजारांत आणली. कॉर्डाइट नांवाची धूररहित दारू भरलेलें लांब काडतूस, आणि गोळी ४५० बोअरची व ४८० ग्रेन वजनाची. हत्ती, गवा, वाघ यांच्या शिकारीसाठीं पूर्वीं खांदा मोडणाऱ्या अवजड बंदुका वापराव्या लागत, त्यांची गरज या एका रायफलीनें संपविली. इतरांनींहि तिचें अनुकरण केलें आणि मोठ्या शिकारीचा ४५० बोअर हा जणूं ठरलेला आंकडा झाला. पण आंकडा मार्टिनीचाहि तोच होता. शिकारी काडतूस मार्टिनीच्या नळींत जसेंच्या तसें बसत नसे हें खरें. परंतु त्यांतील गोळी उपसून काढून जुन्या पुंगळ्यांत भरतां येईल अशी शंका घेतली गेली. व्यापाऱ्याच्या गोदामांतून वा शिकाऱ्याच्या तंबूंतून जाणारी प्रत्येक पेटी उद्यां आपल्याच शिपायांवर उलटेल असें अधिकाऱ्यांना वाटूं लागलें. अखेर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, १९०७ च्या सुमारास, ४५० बोअरच्या रायफली व काडतुसें यांची हिंदुस्थानांत व सुदानांत आयात करण्यास बंदी झाली.

या बंदीला विलायतेंतील कारागिरांनीं दिलेलें उत्तर मोठें मासलेवाईक आहे. हिंदुस्थान ही त्यांची मोठी पेठ. ती सोडणें शक्य नव्हतें, आणि कायदा मोडणेंहि शक्य नव्हतें. त्यांनीं आंकडा बदलला. हॉलंड अँड हॉलंड यांनीं ४६५ बोअर काढला, जोसेफ लँग यांनीं ४७०, जेफरी यांनीं ४७५ आणि वेस्टली रिचर्ड्स यांनीं ४७६. रायफलीची शक्ति तीच, घडण तीच, शिकारहि तीच. ४५० बोअरच्या गोळीचा प्रत्यक्ष व्यास इंचाच्या हजार भागांपैकीं ४५८ भाग, तर ४७० बोअरच्या गोळीचा सुमारें ४७५. फरक सतरा भागांचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनहि कमी. एवढ्या फरकानें मार्टिनीच्या नळींत ती गोळी बसेनाशी झाली. सरकारचा हेतु साधला, कायदा पाळला गेला, आणि शिकाऱ्याचीहि गैरसोय झाली नाहीं. त्या गरजेंतून जन्मलेला ४७० बोअर पुढें आफ्रिकेंतहि इतका रूढ झाला कीं मोठ्या शिकारीच्या जोडनळी रायफलींत तो आजहि अग्रगण्य मानला जातो. त्याचें मूळ एका सरहद्दीच्या भीतींत आहे हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

येथें फेरफाराचें तंत्र थोडें समजून घेतलें पाहिजे. नळीची पोकळी मोठी करतां येते, ती आहे त्याहून लहान करतां येत नाहीं. लहान करावयाची असल्यास आंत दुसरी नळी बसवावी लागते किंवा मूळ नळीच बदलावी लागते. पोकळी मोठी केली म्हणजे आंतील आटे नव्यानें पाडावे लागतात, काडतूस बसण्याचें घर नव्या मापानें कोरावें लागतें आणि नळीची जाडी तितकी कमी होते. कॉर्डाइटचा दाब प्रचंड असतो. हिशेब चुकला तर नळी फुटून मारणाराच मरावयाचा. म्हणूनच इंग्लंडांत नळ्यांच्या कसोटीची जुनी परंपरा आहे. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळास १६३७ सालीं सनद मिळाली, बर्मिंगहॅमचें कसोटीगृह १८१३ सालीं स्थापन झालें, आणि १८६८ च्या कायद्यानें त्या दोहोंचे नियम बांधले गेले. नेहमींपेक्षां जास्त दारूचें काडतूस उडवून नळीची परीक्षा घ्यावयाची आणि ती टिकली तर तिच्यावर छाप मारावयाचा, ही रीत. नळींत मोठा फेरफार केला कीं पहिल्या छापाचा अर्थ उरत नाहीं. तिनें पुन्हां कसोटीस उतरलें पाहिजे. परवान्याचेंहि तसेंच आहे. परवान्यावर शस्त्राची जात, बोअर व क्रमांक नोंदलेला असतो. नळी बदलली आणि कागद तसाच राहिला, तर मालकाच्या घरीं एक शस्त्र आणि कागदावर दुसरेंच, अशी स्थिति होते. मग मालक कितीहि सचोटीचा असो, कागदाच्या दृष्टीनें तो बिनपरवाना शस्त्र बाळगणाराच ठरूं शकतो.

आंकड्याच्या या राजकारणाचें दुसरें अपत्य हिंदुस्थानांत अधिक परिचित आहे. सैन्याचा बोअर ३०३ ठरल्यावर तो बोअर खाजगी लोकांच्या हातीं असूं नये असें सरकारास वाटणें स्वाभाविक होतें. परंतु ३०३ बोअरची ली-एनफील्ड रायफल बनविणारी यंत्रें तर तयार होतीं. तेव्हां बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या कंपनीनें त्याच धर्तीच्या यंत्रभागावर ३१५ बोअरची नळी चढविली आणि ती शिकारी रायफल म्हणून हिंदी बाजारांत आणली. ३१५ म्हणजे बरोबर आठ मिलिमीटर. हें काडतूस मूळचें ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचें, मॅन्लिखर रायफलीचें. एका साम्राज्याच्या शिपायाचें काडतूस दुसऱ्या साम्राज्यांत नागरिकाचें झालें तें एवढ्याचसाठीं कीं हिंदुस्थानांतील कोणत्याहि सरकारी कोठारांत तें नव्हतें. चोरून मिळण्याचा संभव नव्हता, आणि सरकारी काडतूस चोरलें तरी या रायफलींत तें नीट चालावयाचें नाहीं. इंग्रज गेले तरी हा बोअर राहिला. ईशापूर व तिरुचिरापल्ली येथील सरकारी कारखान्यांनीं ३१५ बोअरच्या रायफली बनविल्या, आणि त्यांच्या काडतुसांच्या बुडावर के. एफ. हीं जीं अक्षरें दिसतात तीं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचीं. १८६९ सालीं स्थापन झालेला हा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीच्या छत्राखालीं आला, आणि त्या कंपनीचें मुख्य ठाणेंहि पुण्यासच आहे.

सरकारनें स्वतःच्या रायफलींतहि असाच फेरफार केला, ही गोष्ट तर फारच बोलकी आहे. पोलिस व तुरुंगावरील पहारेकरी यांच्या हातीं पूर्ण ताकदीची लष्करी रायफल देण्याची सरकारची छाती होईना. म्हणून ईशापूरच्या कारखान्यांत ३०३ रायफलींच्या नळ्या ४१० बोअरच्या व आंतून गुळगुळीत करण्यांत आल्या, दहा काडतुसांच्या मॅगझिनची जागा लांकडाचा ठोकळा बसवून बुजविण्यांत आली, आणि एका वेळीं एकच बार काढणारी ‘मस्केट’ तयार झाली. प्रजेवर अविश्वास, देशी शिपायावर अविश्वास, आणि स्वतःच्या पोलिसावरहि अविश्वास! आणि या प्रत्येक अविश्वासाला एकेक बोअर.

इतक्या काटेकोरपणाचें फळ काय मिळालें? ४५० बोअरची दारें बंद केलीं तरी मस्कतच्या बंदरांतून मकरानच्या किनाऱ्यावर आणि तेथून अफगाणिस्तानमार्गें सरहद्दीवर रायफलींचा ओघ वाहतच होता. तो रोखण्यासाठीं इराणच्या आखातांत आरमारी गस्त घालावी लागली. महाराष्ट्रांतील उदाहरण त्याहून ठसठशीत आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनीं जें ब्राउनिंग पिस्तूल झाडलें, तें पेटीच्या खोट्या तळांत दडवून इंग्लंडहून आणलेल्या पिस्तुलांपैकीं होतें. त्या पेटीनें कोणत्याहि बोअरच्या नियमाची परवानगी विचारली नव्हती. ज्यांना कायदा पाळावयाचा होता त्यांनीं इंचाचे हजारावे भाग मोजले. ज्यांना तो मोडावयाचा होता त्यांना मोजण्याचें कारणच नव्हतें.

हिंदी लोकांचा रोष मात्र बोअरवर नव्हता. तो कायद्यांतील अपमानावर होता. १८८७ च्या मद्रास येथील राष्ट्रीय सभेंत शस्त्रकायदा सैल करावा असा ठराव झाला आणि बिपिनचंद्र पाल यांनीं तेथें त्याविरुद्ध आवाज उठविला. पुढें ही मागणी वरचेवर होत राहिली. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत सैन्यभरतीचा प्रचार करतांना महात्मा गांधींनीं आपल्या पत्रकांत, सबंध राष्ट्रास निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या काळ्याकुट्ट कृत्यांत गणला जाईल, अशा आशयाचें मत मांडलें. अहिंसेच्या आचार्यानें असें म्हणावें हें पुष्कळांस नवलाचें वाटतें. पण त्यांचा कटाक्ष शस्त्रावर नसून सक्तीच्या दुबळेपणावर होता. १९२० च्या नव्या नियमांनीं वंशभेदावर आधारलेल्या सवलती काढून टाकल्या. १९३१ च्या कराची येथील अधिवेशनांत नागरिकांच्या मूलभूत हक्कांची जी यादी मान्य झाली तींत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कहि समाविष्ट होता.

स्वराज्य आल्यावर त्या हक्काचें काय झालें? डिसेंबर १९४८ मध्यें घटना समितींत हरि विष्णु कामत यांनीं तो मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनीं ती स्वीकारली नाहीं. परक्या राज्यांत ही मागणी योग्य होती, परंतु आतां प्रसंगीं राष्ट्रासाठीं शस्त्र धरण्याचें व्यक्तीचें कर्तव्य महत्त्वाचें, हक्क नव्हे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. सूचना फेटाळली गेली. शस्त्र ही परवान्याची बाब राहिली. फरक इतकाच, आणि तो लहान नव्हे, कीं हा नियम करणारें आतां लोकांनीं निवडलेलें होतें.

१८७८ च्या कायद्याची जागा घेणारा १९५९ चा शस्त्रकायदा आपल्या नियमांसह १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. तरवारी-भाल्यांसारखीं शस्त्रें सरसकट परवान्याच्या कक्षेंतून बाहेर काढलीं गेलीं आणि भर अग्निशस्त्रांवर दिला गेला. बोअरच्या दृष्टीनें पाहतां १९६२ च्या नियमांत एक अर्थपूर्ण बदल झाला. प्रतिबंधित वर्गांत ३०३ व ७.६२ मिलिमीटर या बोअरच्या रायफली घातल्या. पण तेवढ्यावर न थांबता, ज्या दुसऱ्या कोणत्याहि बोअरच्या रायफलींत सैन्याचें तें काडतूस बसून उडूं शकेल तीहि त्याच वर्गांत मोडते, असें सांगितलें. ४१० च्या मस्केटविषयींहि तसेंच. आंकडा पुरेसा नाहीं, शस्त्र काय करूं शकतें तें पाहिलें पाहिजे, हें जें १९०७ च्या कारागिरांनीं सरकारच्या नकळत शिकविलें होतें, तें कायद्यानें आतां स्वतःच्या शब्दांत लिहून काढलें.

फेरफाराविषयींचीं कलमें याच दृष्टीनें वाचावयास हवींत. पांचव्या कलमान्वयें शस्त्र बनविणें, विकणें, त्याचें रूपांतर करणें, दुरुस्ती करणें व त्याची कसोटी घेणें हा परवानाधारकाचाच व्यवसाय. म्हणजे घरच्या ओट्यावर कानस घेऊन बसण्याची मुभा हौशी मालकास नाहीं. सहाव्या कलमानें नळी आंखूड करण्यास आणि खोट्या बंदुकीची खरी बंदूक करण्यास वेगळ्या परवान्यावांचून मनाई केली. नळी आंखूड केलेलें शस्त्र कपड्यांत लपतें, हें त्याचें कारण. आठव्या कलमान्वयें शस्त्रावरील नांव, क्रमांक वा ओळखीची खूण खोडणें किंवा बदलणें हा गुन्हा; मग ती जुन्या नळीला झिलई देतांना पुसली गेली अशी सबब सांगितली तरी मालक संकटांत सांपडतोच. शस्त्राच्या व्याख्येंत त्याचे सुटे भाग येतात, आणि बाराचा आवाज वा ज्वाला कमी करणारें उपकरण तर खुद्द अग्निशस्त्रांतच मोडतें. १९६२ च्या नियमांची जागा पुढें २०१६ च्या नियमांनीं घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनें सहाव्या कलमास जोड दिली : या नियमांत सांगितलेल्या एका वर्गांतील अग्निशस्त्राचें परवान्यावांचून दुसऱ्या वर्गांत रूपांतर करतां येणार नाहीं. त्याच दुरुस्तीनें एका माणसाजवळच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि सहाव्या कलमाच्या भंगाला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली.

या सर्वांचें सार पाहिलें तर आजोबांनीं आणलेली विलायती रायफल ज्यांच्या घरीं वारशानें आली आहे, अशा कुटुंबांनाहि त्यांतून मार्ग दिसतो. कोणताहि फेरफार करण्यापूर्वीं तीन गोष्टी तपासाव्यात. या बदलानें शस्त्र दुसऱ्या वर्गांत जातें काय? पूर्वीं न बसणारें काडतूस तींत बसूं लागतें काय? आणि परवान्यावर लिहिलेलें वर्णन व क्रमांक उद्यां शस्त्राशीं जुळतील काय? यांपैकीं एकाहि ठिकाणीं शंका आली, तर कारागिराकडे जाण्याआधीं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. आणि कारागीरहि परवानाधारकच असावा. सबब जागच्या जागीं सुचते, परवानगीला मात्र वेळ लागतो, म्हणून ती आधींच मागावी.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा काळ संपविला. ज्या वाघा-गव्यांसाठीं ४५० बोअर जन्मला आणि ज्यांच्याकरितां तो ४७० झाला, ते आतां संरक्षित आहेत. शिकारी रायफल राहिली, शिकार राहिली नाहीं. तरीहि तिच्यावरील कायद्याची पकड सैल झालेली नाहीं, आणि तसें होणें योग्यहि नव्हे. कारण जनावर दिसेनासें झालें म्हणून नळीची शक्ति कमी होत नाहीं.

१९०७ च्या कारागिरांनीं कायद्याचें अक्षर पाळलें आणि तेवढ्यावर त्यांचें कर्तव्य संपलें. त्यांना कोणी दोष देणार नाहीं. परक्यांनीं परक्यांच्या भीतीपोटीं केलेल्या नियमाकडून त्याहून अधिक निष्ठेची अपेक्षाच नव्हती. स्वतःच्या प्रतिनिधींनीं केलेल्या कायद्याची गोष्ट निराळी आहे. तेथें सतरा हजारांशाची पळवाट सांपडली म्हणून आनंद मानणारा नागरिक स्वतःच्याच घराची भिंत पोखरीत असतो. ज्या हक्कासाठीं दोन पिढ्यांनीं ठराव केले, त्या हक्काचें रूप घटना समितींत कर्तव्यांत बदललें. शस्त्र हातीं असलेल्या माणसानें आपल्या रायफलीचा बोअर जितका बिनचूक सांगावा, तितक्याच बिनचूकपणें तो नियम कशासाठीं केला गेला हेंहि सांगतां आलें पाहिजे.